आल्सिदच्या मोज्याची लोकर

दोरिल्दा पेल्त्ये कोण, असं पेतीत-फूर्श गावात कोणालाही विचारा, तो एकच गोष्ट सांगेल. बाई बेचाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसली, अर्ध्या गावाचे लग्नाचे पोशाख तिने शिवले, तीन मुलं वाढवली, कागद गिरणीत नवऱ्याची दोन बोटं गेली तेव्हा वर्षभर घर एकटीने ओढलं. यातलं काही कोणी सांगणार नाही. सांगतील ते पंधरा मिनिटांबद्दल.

ती पंधरा मिनिटं १९९० च्या मार्चमधली. तेव्हा गावाला स्वतःचा बर्फावरच्या हॉकीचा संघ होता, रिव्हरमेन. लीग खालच्या दर्जाची, अर्धे खेळाडू दिवसा गिरणीत राबणारे. पण शनिवारी रिंकच्या बाकांवर रविवारच्या चर्चपेक्षा जास्त माणसं असायची, आणि फादरांची त्याला हरकत नव्हती, कारण पहिल्या रांगेत तेच बसलेले असायचे. संघाच्या जर्सी दोरिल्दा सांभाळायची. पाठीवर नाव लावायचं, नंबर शिवायचा, मारामारीत फाटलेलं सांधायचं. सगळी पोरं तिला मातांत म्हणायची, म्हणजे मावशी.

चषकाच्या शेवटच्या सामन्यात कप्तान क्लोव्हिस मिशोची डावी बाही कोपरावर टरकली. पंच म्हणाला, शिवून आणा नाहीतर बाहेर बसा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. दोरिल्दाच्या कॉलरला सुई होती, पण दोरा घरी राहिलेला. तेव्हा तिच्या नवऱ्याने, आल्सिदने, सगळ्यांसमोर बूट काढला आणि पायातला तपकिरी लोकरीचा मोजा तिच्या हातात ठेवला. तिने तो उसवला आणि त्याच लोकरीने रफू केला. आल्सिदने उरलेला सामना एका पायात मोजा घालून पाहिला. जादा वेळेत क्लोव्हिसने गोल मारला. चषक गावात आला.

आणि त्याच उन्हाळ्यात मालकाने संघ विकला. मालक बाहेरगावचा, विकल्याचं त्याने सांगितलंसुद्धा नाही, लोकांनी पेपरात वाचलं. गावाच्या तोंडाला अशी पानं पुसली की पुढे दोन वर्षं कोणी रिंकच्या रस्त्याने जाईना. आता दर मार्चमध्ये लोक चर्चच्या तळघरात जमतात, प्लोय नावाची कुट्टूची धिरडी आणि कोंबडीचा रस्सा चापतात आणि क्लोव्हिसचा तो गोल पुन्हा मारतात. दरवर्षी तो थोडा आणखी लांबून जातो.

क्लोव्हिस संघाबरोबर गेला नाही. गावातच राहून विमा विकू लागला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत एके दिवशी तो दोरिल्दाच्या दारात उभा राहिला, काखेत भलीमोठी काचेची चौकट घेऊन. आत त्याची नऊ नंबरची पांढरी जर्सी, बाह्या मागे दुमडलेल्या.

"मातांत, हीच ती. तुझ्या हातचा रफू आहे हिच्यावर. तुमच्याच घरात शोभेल," तो म्हणाला. "फक्त कोणाला बोलू नका हं. बाकीच्यांना वाईट वाटेल."

आल्सिदने ती झोपायच्या खोलीत पलंगासमोर टांगली. एकदा दोरिल्दा म्हणाली, उघडून जरा हात फिरवते, धूळ बसली असेल. तर आल्सिद भडकला. "त्यात त्या दिवसाचा घाम आहे. हात लावलास तर बघ." नवऱ्याच्या बिनधुतल्या वेडापुढे तिने हात टेकले. तो शेवटचा आजारी पडला तेव्हा क्लोव्हिस दवाखान्यात भेटायला आला होता. आल्सिदने त्याचा हात धरून विचारलं, "पोरा, तीच ना रे ती? माझ्या मोज्याची?" क्लोव्हिस म्हणाला, "तीच, काका." मग आल्सिदने बायकोला सांगितलं, मला तीच घालून पुरा. तिने पुरलं. चौकट सरळ लिओनेलकडे दिली. लिओनेल दॅग्ल म्हणजे गावातला मयताची तयारी करणारा. पुढचं त्यानेच केलं. चर्चमध्ये उघड्या शवपेटीपाशी लोक आले, जर्सी बघून थबकले, दोरिल्दाचा हात दाबून गेले. तिला वाटलं, आल्सिदसाठीच हळहळतायत.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मग गिरणीच्या जुन्या कचेरीत गावाचं संग्रहालय करायचं ठरलं. एक खोली रिव्हरमेनची. रोज-एल्मा व्हायोलेतने ते काम अंगावर घेतलं. ही दोरिल्दाची चाळीस वर्षांची मैत्रीण. दोघींनी एकाच चौकटीवर बसून किती गोधड्या भरल्या त्याची मोजदाद नाही. तिने चर्चमध्ये जाहीर केलं, रविवारी दुपारी ज्याच्याकडे जे असेल ते तळघरात घेऊन या.

लोकांनी तिकिटं आणली, तुटक्या काठ्या आणल्या, एकाने गोलरक्षकाचा दात आणला. आणि पाच जणांनी चादरीत गुंडाळून काचेच्या चौकटी आणल्या. पाचही चौकटी एकसारख्या. पाचही जर्सी नऊ नंबरच्या. त्यातली एक रोज-एल्माची स्वतःची.

सगळे त्या टेबलाभोवती गोळा झाले. मग एकेकाचं तोंड उघडलं. प्रत्येकाला क्लोव्हिसने सांगितलं होतं, हीच ती, कोणाला बोलू नका. पंचवीस वर्षं कोणी बोललं नव्हतं. आल्सिदच्या पेटीपाशीसुद्धा प्रत्येकाच्या मनात एकच आलं होतं, खरी आपल्याकडे आहे, बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या समाधानासाठी क्लोव्हिसने त्याला नक्कल दिली असेल. म्हणून हात दाबले होते. दोरिल्दाला हे तिथे, रश्शाच्या वासात, उभ्या उभ्या कळलं.

"उघडा," ती म्हणाली. "रफू मी ओळखते."

पाच चौकटी उघडल्या. तिने प्रत्येकीची डावी बाही उलटी केली, कोपरावरून बोटं फिरवली. पाचवी संपली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. एकीवरही रफू नव्हता. म्हणजे खरी आल्सिदचीच.

"मग ती जमिनीत गेली की गं," रोज-एल्मा हळहळली.

"माझ्या नवऱ्याच्या अंगावर गेली," दोरिल्दा म्हणाली. असा ताठा तिच्या आवाजात यापूर्वी कोणी ऐकला नव्हता. मग तिने लिओनेलकडे पाहिलं. त्याच्या तोंडून ऐकायची तिला हौस होती. "लिओनेल, तूच घातलीस ना त्याला? सांग यांना."

लिओनेलने कपातली कॉफी ढवळली. साखर केव्हाच विरघळली होती.

"सांग की."

"दोरिल्दा, आम्हाला कपडा मागून कापावा लागतो. बाह्या आतून सरळ कराव्या लागतात." त्याने चमचा बशीत ठेवला. "लोकर नव्हती."

"तू तेव्हा का नाही बोललास?"

"तू दारात उभी होतीस. काय बोलणार होतो?"

अकरा वर्षं तो मूग गिळून बसला होता. त्याच्यावर रागवावं की नाही हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात क्लोव्हिस आत आला, दोन्ही हातांत अ‍ॅपल-पायच्या थाळ्या घेऊन, हसत. टेबलावरच्या पाच चौकटी पाहिल्या आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"सहा होत्या," दोरिल्दा म्हणाली. "त्या उन्हाळ्यात तू माझ्याकडून सहा जर्सींवर नऊचा आकडा शिवून घेतलास. नव्या हंगामाला लागतील म्हणालास. मी पैसेही घेतले नाहीत."

"मातांत, सगळ्यांनाच हवी होती. संघ गेलेला, लोक रडत होते. एकाला दिली असती तर बाकीचे रुसले असते. कोणाचं काय बिघडलं? पंचवीस वर्षं सगळे खूश होते ना?"

"खरी कुठे आहे?"

तो थाळ्या ठेवायला टेबलावर जागा शोधू लागला.

"क्लोव्हिस, मेल्या, खरी कुठे आहे?"

"त्याच रात्री एका मुलीला दिली. बँगोर शहरातून आली होती." त्याने थाळ्या टेबलावर ठेवल्या. "नाव आठवत नाही."

आल्सिदचा मोजा नाव नसलेल्या पोरीकडे गेला आणि आल्सिद दुसरीच जर्सी घालून मातीत. दवाखान्यात त्याने विचारलं होतं. मरत्या माणसाने हात धरून विचारलं होतं. केसाने गळा कापतात तो असा, हसतमुखाने, काका म्हणत.

दोरिल्दाला वाटलं, आता लोक क्लोव्हिसला बाहेर काढतील. पाच घरांची फसवणूक झाली होती. पण कोणी जागचं हललं नाही. मग क्लोव्हिसच हळूच म्हणाला, "मातांत, तुझा हात तर तोच आहे ना? लोकर कुठलीही मिळेल. यातल्या एकीवर तूच रफू कर. मग ती खरीच झाल्यासारखी."

ती हसणारच होती. पण मागून कोणीतरी म्हणालं, "वाईट नाही कल्पना." दुसऱ्याने आपली चौकट तिच्या बाजूला सरकवली. "मग माझीवर करा." तिसऱ्याने सरकवली. बघता बघता पाचही तिच्यासमोर, आणि रोज-एल्मा कानाशी, "माझीवर कर गं. खोलीत काहीतरी तर ठेवायला हवं. पोरांना काय दाखवणार?"

"रिकामी चौकट ठेव," दोरिल्दा म्हणाली. तिने कोट घातला आणि निघाली. पायऱ्यांपर्यंत कोणी आलं नाही.

जूनमध्ये संग्रहालय उघडलं. तिला बोलावणं नव्हतं, पण ती गेली. रिव्हरमेनच्या खोलीत मधोमध काचेचं कपाट, आत नऊ नंबर. डावी बाही पुढे वळवलेली, कोपरावर तपकिरी लोकर. खाली पाटी: दोरिल्दा पेल्त्ये यांनी पतीच्या मोज्याच्या लोकरीने पंधरा मिनिटांत केलेला रफू. १९९०.

तिने चष्मा पुसला आणि टाके पाहिले. ओढून घातलेले होते, कापड चुण्या पडून गोळा झालं होतं. दोरा असा ओढायची सवय तिला माहीत होती. चाळीस वर्षं गोधडीवर ती ओरडत आली होती, रोज-एल्मा, सैल सोड गं.

शेजारी पोर्टलंडहून आलेलं एक जोडपं पाटी वाचत होतं. दोरिल्दा त्यांना म्हणाली, "हे माझं नाव आहे. पण रफू माझा नाही. ही जर्सी खोटी आहे. माझा नवरा असलीच एक खोटी घालून पुरलाय."

दोघं गोंधळून रोज-एल्माकडे वळली. ती दारात पाहुण्यांना पुस्तिका वाटत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, दोरिल्दाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या बाईशी प्रेमाने, हलक्या आवाजात बोलली.

"हीच ती दोरिल्दा. तिनेच केलाय. आता वय झालंय ना, आठवत नाही तिला."

"नाही," दोरिल्दा म्हणाली. "मला सगळं आठवतं."

त्या बाईने तिच्याकडे बघून मान हलवली, म्हाताऱ्या माणसांकडे बघून हलवतात तशी, आणि कपाटाचा फोटो काढायला पुढे झाली.