दुष्काळी कामावरचे पाणक्या आबा

"थांबा, एक राह्यला."

उजव्या हातात पितळी तांब्या, डाव्या हाताचं एक बोट वर, आणि हे वाक्य. बाहत्तरच्या दुष्काळात जामखेडच्या पूर्वेला एका पाझर तलावाच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. तिथले पाणक्या आबा दिवसातून दहा वेळा असं म्हणायचे. सगळ्यांना पाणी पाजून झालं तरी त्यांचं समाधान होत नसे. कुणी झाडाआड बसलं असेल, म्हणून ते शोधायला निघायचे. बहुतेक वेळा कुणीच नसायचं. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच हातचं पाणी पितो.

मी तर भलताच हसायचो. नवी नोकरी, इस्त्रीचा शर्ट, मस्टर काखोटीला. एकदा म्हणालो, "आबा, आता त्या लिंबाला पाजता का?"

"त्यालाबी तान हाय की," असं म्हणून आबांनी उरलेलं पाणी खरंच लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. पाणी दोन मैलांवरून बैलगाडीने यायचं. मला राग आला. पाणी गेलं म्हणून की बायका हसल्या म्हणून, कोण जाणे.

कामावर ओढ्याच्या दोन्ही काठांची गावं होती. अलीकडचं आमच्या नगर जिल्ह्यातलं, पलीकडचं पूर्वी निजामाच्या राज्यातलं. चोवीस वर्षांपूर्वी रझाकारांनी अलीकडे येऊन घरं जाळली, माणसं मारली. आबांचा धाकटा भाऊ त्यात गेला. मग फौज आली, निजामाचं राज्य संपलं, आणि अलीकडच्यांनी पलीकडे जाऊन सूड उगवला, तोही ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्यावर. तेव्हापासून ओढा कुणी ओलांडत नसे. दुष्काळाने सगळ्यांना एका कामावर आणलं, तरी भाकरी खायला दोन गावं दोन झाडांखाली बसत. तांब्या मात्र आबांचा एकच फिरायचा.

पलीकडच्या गावच्या चाळिशीतल्या बानूबी मातीच्या पाट्या वाहायच्या. त्यांचे वडील त्या सुडाच्या दिवसांत बेपत्ता झाले ते सापडलेच नाहीत, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

भरावाची आखणी एका पडक्या, निम्म्या बुजलेल्या विहिरीवरून गेली. ती पुरती बुजवायचं ठरलं. पहिली पाटी बानूबींच्याच डोक्यावर होती. आबा विहिरीच्या काठावर आडवे उभे राहिले.

"थांबा, एक राह्यला."

लोक हसले. मीही हसलो. "आबा, बाजूला व्हा. साहेब ओरडतील."

"हिच्यात बानूबीचा बाप हाय," आबा म्हणाले. "आमच्याच गावच्यांनी टाकला. मी हितंच हुतो. आजवर बोललो न्हाई."

पाटी खाली आली. बानूबींनी विचारलं, "जित्ता हुता?"

"व्हय. पानी मागत हुता." आबांनी तांब्या काठावर ठेवला. "माजा भाऊ गेल्ता. मी दिलं न्हाई."

बानूबींनी विहिरीत वाकून पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, "उकरू नका. हितंच ऱ्हाऊ द्या त्येनला." दुपारी पलीकडच्या जाणत्यांनी विहिरीपाशी नमाज पढली. मी मस्टर टाकून ओव्हरसियरकडे धावलो. तो कुरकुरला, पण आखणी वीस फूट सरकवली. त्या नोकरीतलं माझं हे एकच काम मला आजही आवडतं, आणि तेही आबांमुळे झालं.

गाव उघडं पाडलं म्हणून आबांच्या गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आबा पाणी वाटतच राहिले. रोज सकाळी विहिरीपाशी एक मडकं भरून ठेवू लागले. बानूबी सात दिवस त्यांच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी ओंजळ पुढे केली. आबांनी निम्मं पाणी बाहेरच सांडलं.

पुढे नोकरीत मी कितीतरी माणसांच्या याद्या केल्या. प्रत्येक यादी बंद करण्याआधी मी एकदा मान वर करून आजूबाजूला पाहतो. ही सवय आबांनी लावली, आणि मी त्यांचा फार ऋणी आहे. हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

दोन वर्षांनी, आबा गेल्याचं कळल्यावर, मी श्रीगोंद्याहून मुद्दाम तिथे गेलो. तलावात पाणी होतं. विहिरीपाशी बानूबी मडकं भरत होत्या. शेजारी दुसरं, नवं मडकं होतं. मी त्याच्याकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"एक राह्यला हुता न्हवं," त्या म्हणाल्या, आणि तेही त्यांनी काठोकाठ भरलं.