हानसाहेबांना न आवडणारी गाणी

दुभाष्याचं एक असतं. दिवसभर तोंड चालू, पण त्यातला एक शब्दही स्वतःचा नाही! मग आपलं बोलणं पोटात साठत जातं आणि रविवारी स्वारगेटला चहाला जमलो की सगळं बाहेर पडतं. आम्ही तिघं एकाच कोरियन कारखान्यातले दुभाषे. मी सगळ्यांत जुनी, मग इरफान शेख आणि मेघना कांबळे. विषय कुठूनही निघो, गाडी येते ती आमच्या प्लांट हेडवर, हानसाहेबांवर.

*

कोरियन साहेबांच्या पार्टीत प्रत्येकाला माइक धरावाच लागतो. गाता येत नाही ही सबब तिथे चालत नाही. इरफान तेव्हा नवा होता. भाचीकडून शिकलेलं एक कोरियन पॉप गाणं त्याने स्टेप्ससकट म्हटलं, तेही टाय डोक्याला बांधून! सगळे टाळ्या पिटत होते, हानसाहेब मात्र ढिम्म. शेवटी त्यांनी विचारलं, "हे गाणं होतं की फायर ड्रिल?" आणि उठून गेले.

इरफानला वाटलं, गेली नोकरी! मग दुसऱ्या एका कोरियन साहेबांनी हळूच सांगितलं. हानसाहेबांची एकुलती एक मुलगी इंजिनिअरिंग सोडून पॉपस्टार व्हायला गेली. उमेदीची वर्षं तालमीत घालवली, पण तिला कुठल्याच ग्रुपमध्ये घेतलं नाही. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. त्यानंतर आम्हाला काही घास गोड लागला नाही.

*

खडकवासल्याला पिकनिक होती. पाण्याकडे बघता बघता हानसाहेब एकदम गायलाच लागले. हे पॉप नव्हतं. त्यांच्या गावाकडे भाताची रोपं लावताना म्हणतात ते गाणं होतं. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे.

आमचा फिटर तुकाराम मावळातला. कणीस खाता खाता तो म्हणाला, "मॅडम, ह्ये तर आमच्यासारखंच हाय की! भात लावताना एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागनं वढायचं."

मेघनाने भाषांतर केलं. साहेब म्हणाले, "मग त्याला सांगा, थांबलाय कशाला?"

अख्ख्या असेंब्ली लाइनने मागची ओळ धरली! शब्द एकालाही येत नव्हते. गाणं संपलं तेव्हा साहेबांचे डोळे भरले होते. "आमच्या घरी मागची ओळ मुलगी म्हणायची," एवढंच बोलले.

*

एकदा मेघना साहेबांबरोबर मीटिंगला निघाली होती. सिग्नलला शेजारच्या रिक्षात कॉलेजच्या मुली, मोबाइलवर कोरियन पॉप, आवाज फुल! साहेबांनी काच खाली केली. मेघनाला वाटलं, आता बिचाऱ्या पोरींचं काही खरं नाही!

साहेब म्हणाले, "ड्रायव्हरला सांगा, त्या रिक्षाच्या मागे चल."

मीटिंग राहिली बाजूला, गाडी पुलगेटपर्यंत रिक्षाच्या मागे! गाणं संपल्यावर साहेब म्हणाले, "पुढे गाणाऱ्या मुलींच्या मागे एक आवाज आहे ना, तो माझ्या मुलीचा. ग्रुपमध्ये घेत नाहीत, रेकॉर्डिंगला मागे गायला बोलावतात."

"फोन लावू का, सर?"

त्यांनी काच वर केली. "मी तिला वाया गेलेली म्हटलं होतं. आता कुठल्या तोंडाने बोलू?"

*

ते गाणं शोधायची ड्यूटी इरफानवर आली. फॅमिली डेला त्याने भाचीलाच आणलं. तिने गाणं लावलं, साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग भाचीने ग्रुपचं पोस्टर पुढे केलं. "अंकल, तुमची फेव्हरेट मेंबर कोण?"

साहेबांनी पोस्टर नीट पाहिलं आणि परत दिलं. "जिचा फोटो कुणी छापला नाही, ती."

इरफान अजून म्हणतो, "ताई, त्या वेळी मला कोरियन येत नसतं तर बरं झालं असतं!"

*

मग साहेबांना कारखान्यातच स्ट्रोक आला. आयसीयूतल्या डॉक्टरांनी मेघनाला बाजूला घेऊन सांगितलं, "घरच्यांना कळवायचं असेल तर आजच कळवा." मेघनाने ऑफिसातून नंबर मिळवून साहेबांच्या मुलीला फोन लावला.

मुलगी म्हणाली, "त्यांना माझा आवाज नको असतो."

दुभाष्याने पदरचं एक अक्षरही घालायचं नसतं, हे मीच मेघनाला शिकवलेलं. त्या दुपारी तिने घातलं. "रस्त्यावरच्या गोंगाटात ते तुमचा आवाज ओळखतात. माझ्यासमोर ओळखलाय."

मुलीने फोन ठेवला नाही. मेघनाने मोबाइल साहेबांच्या कानाशी धरला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं.

साहेबांचे ओठ हलले. शब्द धड नव्हते. पण एकच चाल, अगदी हळू, पुन्हा पुन्हा.

डॉक्टर धावत आले. "काय म्हणतायत? दुखतंय का कुठे? अहो, विचारा त्यांना!"

मेघनाने मोबाइल जराही हलवला नाही.

"दुखत नाहीये, डॉक्टर. मुलीला झोपवतायत."