मावशींनी हात मागे बांधले

पाळणाघरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांच्या खोलीत सकाळी कोणी डोकावलं, तर त्याला मावशी दिसायच्या नाहीत. दिसायचे ते त्यांचे हात. एक हात कोणाच्या जॅकेटची चेन खाली ओढतोय, दुसरा कोणाचं नाक पुसतोय, तेवढ्यात पहिला हात बुटाची नाडी सोडून मोकळा झालाय. पालकांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, झटपट मावशी. पोरगं दारातून आत येऊन "आई, टाटा" म्हणेपर्यंत त्याची टोपी खुंटीवर, डबा फळीवर आणि बूट जोडीने रांगेत लागलेले असत. एकदा तर एका घाईतल्या बाबांचाच मफलर त्यांनी काढून खुंटीला टांगला. बाबा बिचारे तसेच ऑफिसला गेले.

या हातांना वळण लागलं होतं शिवणकामाच्या कारखान्यात. लग्नाआधी मावशी तिथे शर्टांना काजं-बटणं करायच्या. पुढे मुलगा झाला, त्याला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून ज्या पाळणाघरात तो तिथेच आई, असा सोयीचा मार्ग त्यांनी काढला. मुलगा शाळेत गेला, मावशी तिथेच राहिल्या. मध्ये रात्रीचे वर्ग करून बालसंगोपनाची परीक्षाही दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. आपल्या खोलीत कुठलं पोर कशाने रडतं, कशाने हसतं, हे आपल्याला तळहातासारखं माहीत आहे, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. आणि ते बरंचसं खरंही होतं.

मग नव्या मॅडम आल्या. पाळणाघराच्या व्यवस्थापक. वयाने मावशींच्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला गोड, पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायच्या नाहीत. त्यांनी प्रत्येक खोलीत एक जाडजूड पुस्तिका दिली. कोणत्या वयाच्या मुलाला साधारण काय काय यायला लागतं, बोलणं, मोजणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, स्वतःचं स्वतः करणं, याचे निकष त्यात ओळीने दिले होते. प्रत्येकाला नंबर.

"यापुढे आठवड्याचं नियोजन या निकषांवरून करायचं," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी पुस्तिका घरी नेली. जेवणाच्या टेबलावर ती उघडून बसल्या. त्यांचे यजमान प्लंबर होते. त्यांनी खांद्यावरून वाकून पाहिलं.

"हे काय, पोरांचे सुटे भाग आहेत का नंबर टाकून?"

"गप्प बसा हो. मला आधीच काही सुचत नाहीये."

पण मावशीही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं वेळापत्रक होतं. एक आठवडा रंग, एक आठवडा प्राणी, एक आठवडा फळं. त्यांनी प्राण्यांचा आठवडा घेतला आणि प्रत्येक खेळापुढे पुस्तिकेतला जवळपास बसेल असा एकेक नंबर टाकला. माकडउड्यांपुढे शरीराचा, वाघाच्या गोष्टीपुढे भाषेचा. अर्ध्या तासात काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो कागद शांतपणे वाचला. मग वर पाहून हसल्या.

"मावशी, खरं सांगा. खेळ आधी ठरवले आणि नंबर मागून चिकटवले ना?"

मावशींना खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या. "बटणं आधी लावली, काजं मागून केली."

दोघी खो खो हसल्या. पण मॅडमनी मुद्दा सोडला नाही. "आपण उलटं करून पाहू. एकच निकष घ्या. तुम्हाला वाटेल तो. थोडे दिवस फक्त तेवढ्यावरच नजर ठेवा. कोणाला येतं, कोणाचं कुठे अडतं. मग त्यावरून काय करायचं ते ठरवू."

मावशींनी मुद्दाम सोपा निकष निवडला, स्वतःची कामं स्वतः करणं. पाणी ओतून घेणं, जॅकेट घालणं, काय हवंय ते तोंडाने सांगणं. आपली पोरं यात पैकीच्या पैकी मिळवणार, याची त्यांना खात्री होती.

सकाळी त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या. पहिला आला तो ढब्बू, गुबगुबीत गालांचा, सदा हसरा. आता याला चेन उघडता येते का बघू, असं म्हणेपर्यंत त्यांचाच हात त्याच्या चेनवर होता. चेन उघडलीसुद्धा. मावशी चरकल्या. बरं, पुढचं पोर. पुढच्या पोराचे बूटही त्यांनीच काढले. जेवणाच्या वेळी पाण्याचा जग त्यांच्याच हातात, केळं त्यांनीच सोललं, पावाचे तुकडे त्यांनीच केले. दिवस संपला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की एकाही मुलाबद्दल आपल्याला काही म्हणजे काही सांगता येत नाही. येत असेल, नसेलही. आपण कळायला जागाच ठेवलेली नाही.

सगळ्यात जास्त टोचलं ते मनीचं. मनी म्हणजे खोलीतली सर्वांत शांत मुलगी. मांजराच्या पावलांनी चालायची, म्हणून हे लाडाचं नाव. खोलीत तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. ती पेला पुढे करायची, मावशी पाणी ओतायच्या. ती दाराकडे बघायची, मावशी तिला बाथरूमला न्यायच्या. "माझ्या मनीला बोलायची गरजच पडत नाही," असं मावशी कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या. आज तेच वाक्य त्यांना आठवलं.

त्या विचारातच त्या घरी आल्या. दारातून चपला काढत नाहीत तोच आतून हाक आली, "आई, माझा निळा शर्ट कुठाय?" हाक मारणारा मुलगा वीस वर्षांचा होता. निळा शर्ट त्याच्यासमोरच्या खुर्चीवर होता.

मावशी खुर्चीत बसल्या आणि एकट्याच हसत सुटल्या. यजमानांना वाटलं, पुस्तिकेने हिच्या डोक्यावर परिणाम केला.

त्याच सुमारास पाळणाघरासमोरचा रस्ता खोदायला घेतला होता. पाण्याची जुनी पाइपलाइन काढून नवी टाकायची होती. पोरं सकाळपासून खिडकीला नाकं लावून उभी. "पाइप एवढा मोठा कशाला?" "पाणी आत कसं जातं?" "काका खड्ड्यात पडले तर?" प्राण्यांच्या आठवड्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. मावशींनी वाघाची डरकाळी फोडली, तरी एकाने मान वळवली नाही.

मग मावशींनी पुस्तिका परत काढली, आणि या वेळी खिडकीकडे बघत वाचली. पाणी. पाणी ओतायला शिकायचं तर यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? त्यांनी पुढच्या दोन आठवड्यांचा बेत केला. पाण्याचा टब, छोटे जग, नळ्या, चाळण्या, नरसाळी. जेवताना पाणी ज्याचं त्याने ओतायचं. प्रश्न विचारायचे, जास्त-कमी ताडून बघायचं. मॅडमनी वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "फरशी पुसायला दोन फडकी जास्तीची मागवते."

दोन फडकी! पहिल्या दिवशी खोलीचा तलाव झाला. ढब्बूने स्वतःच्या पेल्यात, शेजारणीच्या पेल्यात आणि उरलेलं स्वतःच्या बुटात पाणी ओतलं. बाहेर खेळायला निघायचं तर जॅकेटं घालण्यात इतका वेळ गेला की शेवटचं बटण लागेपर्यंत आत यायची वेळ झाली. मावशींच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी एक बाबा ओल्या मोज्यांची पिशवी हातात धरून म्हणाले, "काय हो मावशी, आम्ही पोराला इथे शिकायला पाठवतो की पोहायला?"

"सध्या दोन्ही चालू आहे," मावशी म्हणाल्या. "जरा कळ काढा."

पण कळ काढणं त्यांनाच सगळ्यात जड जात होतं. समोर पोर चेनशी झटतंय आणि आपण नुसतं बघायचं, म्हणजे शिक्षाच. हात शिवशिवायचे. शेवटी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट गुंतवले आणि तशाच खोलीभर फिरू लागल्या. शेजारच्या खोलीतल्या बाई दारातून म्हणाल्या, "काय मावशी, आज सेनापती झालात की काय!"

बाकीची मुलं सावरली. मनीचं मात्र घोडं अडलं. ती नेहमीसारखी पेला घेऊन आली, पुढे केला आणि थांबली. मावशी थांबल्या. मनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशीही बघत राहिल्या. मनीचा खालचा ओठ थरथरायला लागला, डोळे भरले, आणि मावशींच्याने राहवेना. पाठीमागची गाठ सुटली, जग उचलला, पेला भरला. वर एक पापाही घेतला.

दुपारी त्या मॅडमच्या खोलीत जाऊन बसल्या. "माझ्याने नाही होत. तिचा घसा कोरडा आणि मी तिची परीक्षा घेत बसू? हे कसलं शिकवणं?"

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "तिला तहानलेलं ठेवून नाहीच चालणार. पण गप्प राहून वाट बघणं आणि सगळं करून देणं, याच्यामध्ये बरंच काही आहे. तिला नुसतं विचारा. पाणी की दूध? आणि मग मनातल्या मनात एक गाणं होईल एवढं थांबा. नाही बोलली तर द्या."

दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "पाणी की दूध?" आणि मनात गाणं म्हटलं. गाणं संपलं, मनी गप्प. दिलं पाणी. त्यानंतरही तेच. पुन्हा तेच. मग एकदा मनीने बोट दाखवलं, दुधाकडे. इतके दिवस मावशी तिला न चुकता पाणीच देत आल्या होत्या. तिला दूध आवडत असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मावशींनी पाण्याचा जग ठेवला आणि तिच्या पेल्यात दूध ओतलं.

दुसऱ्या आठवड्यात मावशींनी यजमानांना कामाला लावलं. पाइपचे तुकडे आणि जोड घेऊन ते खोलीत आले. एरवी घरोघर बेधडक शिरणारा माणूस, पण एवढ्या चिमुकल्या डोळ्यांसमोर त्याची बोबडी वळली. "तर... हा पाइप आहे," ते म्हणाले आणि पुढे काही सुचेना. पण पोरांनीच त्यांना पुढे ढकललं. हा वाकडा का? तुम्ही खड्ड्यात राहता का? तुमचे दात पण तुम्हीच जोडले का? पाहता पाहता टबापासून टेबलापर्यंत वळणावळणाची नळी उभी राहिली. ढब्बूने वरून पाणी ओतलं, सगळ्यांनी आरडाओरडा केला.

मनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने खाली वाकून पाहिलं. मावशींनीही त्याच वेळी पाहिलं. मधल्या जोडातून पाणी ठिबकत होतं. फडकं घ्यायला त्यांचा हात निघाला, आणि त्यांनी तो आवरला. मनी सरळ झाली, चालत गेली आणि यजमानांची बाही ओढली.

"काका," ती म्हणाली. "गळतंय."

"कुठे गं?"

"तिथे नाही. इथे. घट्ट करा."

आवाज हळू होता, पण अगदी स्वच्छ. यजमानांना काय घडलं ते कळलंच नाही. त्यांनी आज्ञाधारकपणे जोड घट्ट केला. मावशी मात्र तोंड वळवून खिडकीतून बाहेर बघू लागल्या, आणि बराच वेळ त्यांना रस्ता धूसर दिसत राहिला.

संध्याकाळी मनीची आई आली तेव्हा मावशींनी तिला बाजूला घेतलं. "आज तुमची लेक बोलली!"

आईला काही उलगडेना. "ती तर घरी आमचे कान किटवते, मावशी. रोज बाहुल्यांचं पाळणाघर मांडते. स्वतः मावशी होते. सगळ्या बाहुल्यांची बटणं लावते, केस विंचरते, आणि एखादी बाहुली काही बोलणार, तर लगेच म्हणते, 'थांब, थांब, मी करते.' बाहुल्यांना एक अक्षर बोलू देत नाही!"

आई हसत होती. मावशीही हसल्या, पण कान तापले. मॅडमनीही कधी काढला नव्हता असा चिमटा बाहुल्यांनी काढला. मग त्यांनी आईला सगळं सांगितलं, काही न लपवता. आईने त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, तुमच्यापाशी ती निर्धास्त असते म्हणून तर मी निवांत कामाला जाते," ती म्हणाली. "आता बोलेलही."

आणि मनी बोलू लागली. धबधबा नव्हे, थेंब थेंब. पण दूध हवं असलं की दूध म्हणायची, नको असलं की नको. खोलीतली तळी आटली. जॅकेटं लवकर चढू लागली. काहींची बटणं वरखाली लागायची, आणि मावशी ती तशीच राहू द्यायच्या. ओल्या मोज्यांवाल्या बाबांनी एक दिवस येऊन सांगितलं की पोराने घरी पाहुण्यांना स्वतः सरबत ओतून दिलं, आणि निम्मं पेल्यात पडलं. ते सांगताना ते इतके फुशारले होते की पाहुण्यांच्या कपड्यांचं काय झालं, हे मावशींनी विचारलं नाही.

रस्त्यावरचा खड्डा बुजला आणि पोरांचे चेहरे पडले. पण दोन दिवसांत त्यांना अंगणातल्या कुंडीखाली गोगलगाई सापडल्या. मावशींनी मॅडमना हाक मारली. दोघी कुंडीपाशी उकिडव्या बसल्या. पुस्तिका मावशींच्या मांडीवर होती.

"मोजणं घेऊ या वेळी," मावशी म्हणाल्या. "कोण किती लांब गेली, कोण पुढे, कोण मागे. सुतळीने मापू."

"सुरुवात कशाने करायची?" मॅडमनी विचारलं.

"आज काही करायचं नाही. आज नुसतं बघायचं, कोणाला किती मोजता येतं ते," मावशी म्हणाल्या, आणि पोरांना जागा व्हावी म्हणून जराशा बाजूला सरकल्या.