दोन ते चारचा पहारा

देव आहे की नाही, या प्रश्नाने मला कधी छळलं नाही. तो आहे, असं धरून मी चालत आले. मला छळलं ते वेगळ्याच प्रश्नाने. आपण मनात वाईट धरून एखादं काम करावं आणि त्यातूनच कुणाचं तरी भलं व्हावं, तर त्याला काय म्हणायचं? आपलं पाप की त्याची कृपा? वर्ष होत आलं, मला उलगडा झालेला नाही. तेव्हा हे लिहिते आहे ते कुणाला काही पटवायला नाही. गुंता कागदावर मांडला तर निदान दोऱ्याचं टोक सापडेल, एवढीच आशा.

मी कोथरूडला राहते. एका कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पोरं मला घाबरायची. अर्धवट भरलेला फॉर्म मी खिडकीतून परत सरकवत असे आणि वर "वाचता येतं ना?" असंही विचारत असे. यात आपलं काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. नियमाने वागलं की रात्री झोप लागते, असं माझं साधं तत्त्वज्ञान होतं.

आमच्या सोसायटीच्या मागे रामाचं छोटं मंदिर आहे. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत तिथे अखंड नामजप असतो. त्या नऊ दिवसांत वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा असेल त्याने वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचं, नाम चालू ठेवायचं, आणि पुढचा आला की वीणा त्याच्या गळ्यात घालून त्याच्या पाया पडायचं. घेणाऱ्यानेही देणाऱ्याच्या पाया पडायचं. तिथे लहानमोठं, मालक-मोलकरीण काही बघत नाहीत. सून सासूला वीणा देते आणि दोघी एकमेकींच्या पाया पडतात, मग घरी काहीही चाललेलं असो. या पहाऱ्यांची यादी निवृत्तीपासून मीच करते. नक्की झालेलं नाव पेनने, नक्की नसलेलं पेन्सिलने. यादीत आजवर एक चूक नव्हती आणि त्याचा मला, खरं सांगते, रामापेक्षा जास्त अभिमान होता.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी नानांनी हनानला मंदिरात आणलं. नाना म्हणजे आमच्या मंदिराचे अध्यक्ष, वय वर्षं एक्याऐंशी, हडपसरच्या एका कारखान्यात जन्म घालवलेले. हनान सुदानची. पाच वर्षांपूर्वी औषधशास्त्र शिकायला पुण्यात आली आणि मागे तिच्या देशात लढाई पेटली. वडील गेले, आई शेजारच्या देशात छावणीत, भावाचा पत्ता नाही. त्यात पासपोर्टची मुदत संपली, नवा मिळेना, म्हणून व्हिसा वाढेना, आणि शेवटी देश सोडून जाण्याची नोटीस हातात पडली. नोटीस कळल्यावर घरमालकाने खोली रिकामी करून घेतली. ती नानांच्या बिल्डिंगमध्येच राहायची, नानांच्या पत्नीला इन्शुलिन टोचून द्यायची. सामान घेऊन जिन्यात बसलेली दिसली, तेव्हा नाना म्हणाले, चल.

विश्वस्तांच्या बैठकीत मी विचारलं, "नाना, हे मंदिर आहे की धर्मशाळा?"

"मागच्या दोन खोल्यांवर आपणच भक्तनिवास अशी पाटी लावलीय ना," नाना म्हणाले.

"ती भक्त आहे का? धर्माने मुसलमान आहे."

"अहो, रामाला काही अडचण असेल तर तो सांगेल. तुम्ही कशाला त्याची सेक्रेटरी होताय?"

सगळे हसले. मी सेक्रेटरीच होते, त्यामुळे मला ते जास्तच लागलं.

नानांचं म्हणणं स्पष्ट होतं. मुलीला लपवायचं नाही, फक्त छप्पर द्यायचं. नानांनी तिच्यासाठी गाठलेल्या वकीलबाई शुक्रवारी तिचा अर्ज दाखल करणार होत्या: देशात युद्ध आहे, परत पाठवू नका, तात्पुरतं राहू द्या. अर्जाची पोच हातात आली की ती इथे राहते हे पोलिसांना रीतसर कळवायचं. तोवर चार दिवस थांबायचं.

आता, परदेशी माणूस ज्याच्याकडे उतरतो त्याने चोवीस तासांत फॉर्म भरून कळवायचं असतं. हे मला पाठ होतं, कॉलेजच्या हॉस्टेलसाठी असे शेकडो फॉर्म मी भरले होते. मंगळवारी मी हनानकडे गेले, "झेरॉक्स काढायचीय" म्हणून तिचा पासपोर्ट घेतला, घरी कॉम्प्युटरवर बसले आणि मंदिराच्या पत्त्यासकट सगळी माहिती पाठवून दिली. नानांना विचारलं नाही. वकीलबाईंना सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम, असं स्वतःला बजावलं. पण नियम हे निमित्त होतं. मला ती नको होती. ती सकाळी अंगणातल्या नळावर तोंड धुताना दिसली की माझ्या कपाळावर आठी पडायची. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, सभामंडपाच्या पायरीच्या आत यायचं नाही. आणि त्या मंगळवारी संध्याकाळी रामापुढे हात जोडून मी म्हटलं होतं, ही ब्याद इथून जाऊ दे. देवळात उभं राहून असं मागणारी बाई स्वतःला भाविक समजत होती.

शुक्रवारी बारा ते दोन माझा पहारा. नऊ दिवसांचा उपास, त्यात मला साखरेचा त्रास, डॉक्टर ओरडतात, पण आमचं आपलं हट्टाचं व्रत. नाना आणि वकीलबाई अर्ज द्यायला गेले होते. गुरुजी गाभारा बंद करून जेवायला घरी गेलेले. चैत्रातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वीणा गळ्यात, तार छेडत माझं चाललेलं, श्रीराम जय राम जय जय राम.

दोन वाजले. कुणी आलं नाही. सव्वादोन झाले. दोन ते चार मालतीबाईंचा पहारा ठरलेला, त्या वेळेच्या पक्क्या. मग एकदम आठवलं. शुक्रवारी जमणार नाही, दुसरं कुणी बघा, असं त्या मला आठवड्यापूर्वीच म्हणाल्या होत्या. मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. यादीत चढवलंच नव्हतं. ती चिठ्ठी पर्समध्ये, फोनही पर्समध्ये, आणि पर्स ऑफिसच्या खोलीत. चौतीस वर्षांत जी चूक झाली नाही, ती त्या दुपारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

अंगाला दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, समोरचे खांब हलायला लागले. साखर खाली गेली हे कळत होतं. वीणा खाली ठेवली असती तर काय झालं असतं? आज विचारलं तर मी म्हणेन, काही नाही. त्या वेळी ते सुचणंच शक्य नव्हतं. मी खांबाला टेकले आणि मनात म्हटलं, रामा, कुणाला तरी पाठव. कुणालाही.

पायरीवर हनान उभी होती. हातात बादली. मला बघितलं आणि बादली ठेवली.

"मावशी, तुमची शुगर लो झाली."

मला बोलता येईना. बोलले असते तर नाम तुटलं असतं. तिने पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ती लगेच आत आली नाही. आधी नळावर गेली. कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, पाय घोट्यापर्यंत धुतले. इतक्या निगुतीने हातपाय धुऊन आमच्यातलं कुणी देवळात आलेलं मी पाहिलं नाही. मग आत येऊन तिने प्रसादाच्या ताटातले दोन पेढे माझ्या तोंडात घातले आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या. मी पकडते. खाली नाही ठेवत. मी रोज बघते ना."

मी वीणा तिच्या गळ्यात घातली आणि वाकले. रिवाजाने वाकले की घेरी आली म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही. माझं डोकं तिच्या ओल्या पावलांवर टेकलं एवढं खरं. मग तीही वीणा सांभाळत वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. तेही तिने रोज बघितलेलं होतं.

मी भिंतीशी बसून नाम घेत राहिले आणि ती उभी राहून तार छेडत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती, मला ऐकू आलं नाही. नाम माझं, वीणा तिच्या हातात. पहारा नेमका कुणाचा म्हणायचा, कोण जाणे.

पावणेतीनला फाटकाशी जीप थांबली. एक पोलीस अधिकारी आणि एक महिला शिपाई. अधिकाऱ्याच्या हातात कागद होता आणि लांबूनही मी तो ओळखला. मीच भरलेला फॉर्म.

त्यांनी बूट काढले, आत आले, हात जोडले. हनानकडे बघितलं, कागदावरच्या फोटोकडे बघितलं. ती पांढरी पडली होती, पण तार थांबली नाही.

"हीच ना?" त्यांनी मला विचारलं. मी नाम घेत होकारार्थी मान हलवली.

महिला शिपाई पुढे झाली तसे ते म्हणाले, "थांबा ओ. पहारा चालू हाय. आमच्या गावातबी असतोय सप्ता. वीणा गळ्यात असताना माणसाला हात लावत न्हाईत." आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. मला म्हणाले, "बाई, तुमच्यातलं कुणी वीणा घेणारं हाय का?"

आता माझी खरी परीक्षा. पेढ्यांनी मला तरतरी आली होती. हात स्थिर होते. मी उठून वीणा घेऊ शकत होते, आणि घेतली असती तर ती मोकळी झाली असती, त्यांच्याबरोबर जायला. वीणा माझी, यादी माझी, फॉर्म माझा. सगळं रीतसर. मी भिंतीला आणखी टेकले, डोळे अर्धे मिटले आणि हाताने खूण केली, अंगात त्राण नाही. जन्मात पहिल्यांदा मी सरकारी माणसापुढे खोटेपणा केला, तोही रामासमोर, ओठांवर त्याचंच नाव असताना. मला लाज वाटली नाही. तेही मला अजून कोड्यात टाकतं.

साडेतीनला नाना रिक्षातून उतरले. मागे वकीलबाई. नानांच्या हातात अर्जाची प्रत होती आणि तिच्यावर आवक विभागाचा निळा शिक्का. पोच. पोचेची किंमत माझ्याइतकी कुणाला कळणार? अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "आम्ही आलो ते ही दिलेल्या पत्त्यावर हाय का गायब झाली, ते बघायला. गायब असती तर वेगळं प्रकरण होतं. हाय म्हणतो. अर्ज आत गेलाय म्हणतो. पुढचं वरचे ठरवतील." गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी तसं लिहिलं, माझी सही घेतली, वीणेला नमस्कार केला आणि गेले. चारला पुढच्या पहाऱ्याच्या बाई आल्या. हनानने वीणा दिली, त्यांच्या पाया पडली आणि नळापाशी जाऊन उकिडवी बसून रडली.

त्याच संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या फॉर्ममुळे ते आले आणि तुमच्या फॉर्ममुळेच नुसते बघून गेले. आता तुम्हाला रागवावं की पेढा द्यावा, ते मला कळत नाही. पेढे तर तुम्ही संपवलेत."

हनानला सांगायला मात्र दोन दिवस लागले. नवमीला जन्मोत्सव झाल्यावर तिच्या खोलीच्या दारात उभं राहून मी म्हटलं, "तो फॉर्म मी भरला होता. तू जावीस म्हणून."

"माहीत आहे मावशी," ती म्हणाली. "पासपोर्ट मागितला तेव्हाच कळलं. हॉस्टेलवर दर वर्षी तोच फॉर्म."

"मग तू निघून का नाही गेलीस?"

"कुठे जाणार?"

मी विचारलं, "आणि माहीत असून शुक्रवारी मला पेढे भरवलेस?"

तिला प्रश्नच कळला नसावा. "तुमची शुगर लो होती ना," ती म्हणाली.

वीणा घेऊन उभी असताना काय म्हणत होतीस, हेही मी विचारलं. घरात कुणी आजारी असलं की तिची आई जी प्रार्थना म्हणायची, ती म्हणत होती. माझ्यासाठी. आणि मी मंगळवारी त्याच जागी उभी राहून तिच्यासाठी काय मागितलं होतं, ते मी तिला सांगू शकले नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तिला तात्पुरती परवानगी मिळाली. तीन महिन्यांची, मग आणखी तीन, असं चाललंय. दर वेळी संपत आली की आम्ही सगळे श्वास रोखून बसतो. भाऊ अजून सापडलेला नाही. ती भक्तनिवासातच राहते आणि माझी साखर तपासते. माझी चूक, माझा फॉर्म, तो खेड्यातला अधिकारी, तो शिक्का, यातलं काय रामाने केलं आणि काय आपोआप झालं, मला लावता येत नाही. एवढंच उमगलंय की मी कुणालाही पाठव म्हटलं होतं आणि त्याने पाठवलं. कोण यावं, ते ठरवणं माझ्याकडे नव्हतं. यादी माझी असली तरी देऊळ त्याचं आहे. त्याचे उपकार मानते आणि हिशेब सोडून देते.

परवा यंदाच्या पहाऱ्यांची यादी करायला बसले. हनानची परवानगी पाडव्याच्या आधी चार दिवस संपते. पुढे मिळेल की नाही, वकीलबाईही सांगू शकत नाहीत. शुक्रवार, दोन ते चार, या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले. पेन्सिल हाताशीच होती. मी पेन उचललं आणि तिचं नाव लिहिलं.