बसऱ्याचा थर्मास

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. लहानपणी बहिणीची बाहुली विहिरीत मीच टाकली होती, हेसुद्धा. हे मात्र माहीत नाही. सांगायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले. एकदा तर गीझरच्या सर्व्हिसिंगबद्दल. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल.

दोन हजार तीन साल. मी तेव्हा इंग्लंडात, वॉटफर्डला होते. नागपूरहून आलेली, सॉफ्टवेअरमधली, वर्क परमिटवरची आणि तोंडाळ. त्या वर्षी अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि आमच्या मराठी मंडळाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. कुणाकडेही जेवायला गेलं की पानात वरण पडायच्या आधी बगदाद. अमेरिकेला शिव्या घालणाऱ्या निम्म्या लोकांची मुलं न्यू जर्सीत होती, उरलेल्यांची जायची होती. मीही त्यातलीच, पण आवाज सगळ्यांत मोठा. ती शस्त्रं कुठे आहेत? यांना जगाची फौजदारी कुणी दिली? आपल्या इथल्या सरकारला शेपूट हलवायची काय गरज होती? — असं सगळं. माझं म्हणणं आजही तेच आहे. पण तेव्हा मला युद्धाचा जेवढा राग होता, त्याहून लोक जेवायचे थांबून माझं ऐकतात याचा आनंद जास्त होता. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

यास्मिन माझी फ्लॅटमेट. ऑफिसातही आम्ही एकाच टीममध्ये. ती चिपळूणजवळच्या, खाडीकाठच्या एका गावची. शांत, नीटनेटकी, माझ्याहून कामाला चांगली. वाद सुरू झाला की ती उठून यजमानांची भांडी घासायला लागायची. एकदा घरी आल्यावर मी तिच्यावर चिडलेच. तुला काहीच कसं वाटत नाही गं?

ती कांदा चिरत होती. म्हणाली, "वाटतं ना. पण सुनीता, तुला परवडतं बोलायला. मी बोलले की लोक आधी माझं नाव ऐकतात."

मग बऱ्याच वेळाने तिने मला तिच्या अब्बांचं सांगितलं. ते इराकात बसऱ्याला वेल्डर होते, तिच्या जन्माच्या आधीपासून. शेजारचा एक म्हातारा दर शुक्रवारी त्यांना खजूर द्यायचा. कायमचे परत निघाले तेव्हा त्याने स्वतःच्या घरातला थर्मास उचलून यांच्या हातात दिला, प्रवासात चहा लागेल म्हणून. अब्बा मरेपर्यंत त्यातूनच चहा प्यायले. एक्याण्णव सालच्या, पहिल्या लढाईच्या बातम्या आल्या तेव्हा तो थर्मास समोर ठेवून दिवसभर बसून राहिले होते. यास्मिनने हे इंग्लंडात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी भांडले म्हणून मला सांगितलं.

मंडळाचा दिवाळी अंक निघायचा. झेरॉक्स काढून स्टेपल केलेला, अर्धा पाककृती आणि अर्धा प्रवासवर्णनं. मी त्यात अमेरिकेवर लेख दिला. आमचा क्लायंट अमेरिकन, माझं परमिट नूतनीकरणाला गेलेलं, म्हणून टोपणनावाने. लिफाफा अंकाच्या डब्यात टाकला, कुणाला बोलले नाही. नुसते मुद्दे कोरडे वाटत होते. म्हणून थर्मास घातला. माझे वडील, माझ्या घरातला थर्मास, अशा शब्दांत. लाल थर्मास. लाल वाचताना उठून दिसतो.

टोपणनाव घेतलं 'खाडीकाठची'.

इथे मी दर वेळी अडते. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की नाव सहज सुचलं, लेखाला शोभलं. नागपूरच्या मुलीला खाडी सहज सुचते? वॉटफर्डच्या मंडळात खाडीकाठची माणसं होती तरी किती? कुणी शोधायला निघालंच तर ते माझ्याकडे येऊ नये, दुसरीकडे जावं — हे माझ्या मनात होतं. पुसट नव्हे, चांगलं स्पष्ट होतं. त्या दुसरीचं काय होईल हे मात्र मनात आणलं नाही. आणायला कितीसा वेळ लागला असता?

त्याच सुमाराला या क्लायंटचं शिकागोचं काम आलं. सहा महिने, एकीलाच जायचं होतं, आणि यास्मिनचं जवळपास ठरलं होतं. तिची मोठी बहीण, आपा, शिकागोला होती. चार वर्षांत भेट नव्हती. आपाला जानेवारीत पहिलं मूल व्हायचं होतं आणि आईला व्हिसा नाकारला होता. बाळंतपणाला माहेरचं कुणी असणार असलं तर ती यास्मिनच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने पेन्सिलीने एक बारीक टिंब काढून ठेवलं होतं. उगाच मोठी खूण नको, म्हणायची.

आमचा मॅनेजर ऑफिसात नुसता श्रीकांत, पण मंडळात कुलकर्णीकाका. दिवाळीच्या कार्यक्रमाला मी शाळेच्या हॉलच्या किचनमध्ये बटाटेवडे गरम करत होते. काका अंकाची गुंडाळी घेऊन आत आले.

"सुनीता, हा लेख यास्मिनचा का गं? चांगला लिहिलाय, मला काही प्रॉब्लेम नाही. पण क्लायंटकडे गव्हर्नमेंटचं काम आहे. आणि तिकडे सध्या सगळे किती टची झालेत, तुला माहितीये. उद्या कुणी इश्यू केला तर मी काय सांगू?"

काका वाईट माणूस नव्हते. त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. 'लेख माझा आहे' असं मी म्हणाले असते तर ते हसले असते. वाटलंच मला, म्हणाले असते, जरा जपून लिहीत जा. बस्स, एवढंच. तीच वाक्यं माझ्या नावाखाली आगाऊपणा ठरली असती. तिच्या नावाखाली ती काय ठरत होती, हे मला कळत नव्हतं का? तिने कांदा चिरताना मला स्वतःच सांगितलं होतं.

मी म्हणाले, "मला काय माहीत, काका. तिला विचारलं नाही मी कधी."

आणि ओव्हन उघडून वडे उलटायला लागले. काका गुंडाळी घेऊन बाहेर गेले.

आठवड्याभराने यास्मिनला कळवलं की तिची इथेच जास्त गरज आहे. शिकागोला मी जाणार होते. मला ते हवं होतं का? मागितलं नव्हतं, एवढं म्हणू शकते. नको मात्र म्हणाले नाही. यास्मिन ऑफिसात रडली नाही. घरी येऊन तिने कॅलेंडरवरचं टिंब खोडरबराने पुसलं आणि भाताचा कुकर लावला. अंक महिनाभर आमच्या टेबलावर पडून होता. तिने तो वाचला का, हे मी विचारलं नाही.

जानेवारीत आपाला मुलगी झाली. मी निघाले त्या सकाळी यास्मिनने माझ्या बॅगेत आपल्या हाताने जागा केली. झबली, टोपरी, आईने गावाहून पाठवलेली दुपट्याएवढी गोधडी. टॅक्सी आली. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं — मी कधीच लावत नसे — आणि म्हणाली, "आपाकडे चहा घे हं. अब्बांचा थर्मास तिच्याकडे असतो. बघशील, निळा आहे. मी तुला निळाच सांगितला होता."

मी टॅक्सीत बसले. तिने हात हलवला.

शिकागोत पहिल्याच रविवारी आपाकडे गेले. तिने मला दारातच मिठी मारली, यास्मिनलाच भेटल्यासारखी. मुलीला माझ्या मांडीवर दिलं. गोधडी तोंडाशी धरून तिने बराच वेळ वास घेतला. मग ओट्यावरून थर्मास आणला. निळा, झाकणापाशी पोचा आलेला. कपात चहा ओतता ओतता तिने विचारलं, यास्मिन का नाही आली गं? ठरलं होतं ना तिचं?

मी म्हणाले, व्हिसाचं काहीतरी झालं.

ती म्हणाली, हो का, आणि अजून थोडा घे म्हणाली. मी कप पुढे केला.