नानाने बोटीला इंजिन लावलं, म्हणे

नाना आज सकाळी गेला. मला रडू आलेलं नाही.

माझा थोरला भाऊ. जन्मभर उर्मट, जन्मभर थापाड्या, आणि शेवटच्या आजारपणातही केस काळे करून घेणारा.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येतायत. 'लेजेंड.' 'त्या काळात शिडाच्या बोटीला स्वतःच्या हाताने इंजिन बसवणारा माणूस.'

स्वतःच्या हाताने म्हणे.

त्या हाताने घरात कधी साधी खुंटी ठोकली नाही. म्हणून हे लिहिते आहे. फोनला बोलून लिहिते आहे, चुका फोनच्या.

बोट आमच्या वडिलांची. ते धरणावर ओव्हरसियर होते. लोणावळ्याला अंगणातच त्यांनी ती बांधली. फळ्या धरायला, रंधा मारायला मी असायची. नाना पुण्यात कॉलेजला होता. निदान तो तसं सांगायचा.

वळवण धरणाच्या पाण्यावर आम्ही ती शिडावर चालवायचो.

मग वडील गेले. पुढे दुसरी मोठी लढाईही संपली, लष्कराचा जुना माल लिलावात निघू लागला, आणि एक दिवस नाना बोटीच्या मागे टांगायचं इंजिन घेऊन घरी आला. चेहरा असा, की लढाई ह्यानेच जिंकली.

आमच्या बोटीची मागची उभी फळी अगदी पातळ. तिने पाणी बाहेर ठेवायचं, एवढंच तिचं काम. त्यात मधोमध सुकाणू. म्हणजे इंजिन बसणार बाजूला, लोखंडी ब्रॅकेटवर, मागे लोंबकळत. ते जोर लावणार आणि ब्रॅकेट फळीला पिळून काढणार.

मी नानाला सांगितलं, आतून जाड सागवानी फळी लाव. तिला दोन्ही कडांना कोनात आधार दे. बोल्ट आरपार घाल आणि आतल्या बाजूला रुंद लोखंडी पट्टी ठेव, म्हणजे भार एका जागी येणार नाही.

नाना म्हणाला, "तू पोह्यांचं बघ."

कारण रविवारी मला बघायला पुण्याहून मंडळी येणार होती. मुलगा आणि त्याचे वकील वडील. नानाला त्यांना मोटारबोटीतून फिरवून दिपवायचं होतं.

त्याने ब्रॅकेट नुसत्या स्क्रूंवर बसवलं आणि वरून हिरवा रंग मारला. रंग छान होता.

रविवारी पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाने मला विचारलं, स्वयंपाक येतो का. त्याला स्वतःला काय येतं, ते कळायला फार वेळ लागला नाही.

आम्ही धरणावर गेलो. आई काठावर थांबली. मी सुकाणूवर, कारण नानाला दोन्ही जमणार नव्हतं. पाहुणे मधे, टोप्या सावरत.

काठापासून जरा सुटलो तोच नानाने इंजिन पूर्ण जोरात सोडलं.

कडकन आवाज झाला. इंजिन, ब्रॅकेट आणि हिरव्या फळीचा तुकडा, सगळं एकदम खाली गेलं. पाणी आत आलं आणि बोट मागच्या मागे बसली.

मुलगा वडिलांच्या गळ्यात पडला. वडील त्याला ढकलत होते. दोघेही बुडालो बुडालो करत होते.

मी म्हटलं, "उभे राहा. इथे कमरेइतकंच पाणी आहे."

ते उभे राहिले. कमरेइतकंच होतं.

हे त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

शेजारी गावातले धोंडूआबा बैल धूत होते. त्यांनी पाण्यात पाय फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "इंजान हितं हाय. घाबरू नगासा."

काठावर आल्यावर वकिलांनी धोतर पिळता पिळता आईला सुनावलं. मुलगी अपशकुनी आहे. वर जीभ ही अशी. सुकाणू तिच्या हातात होतं, तेव्हा दोषही तिचाच. ही गोष्ट आम्ही पुण्यात चार घरी सांगणार.

तेव्हा चार घरी सांगणं म्हणजे काय, हे आताच्या मुलींना कळायचं नाही. आई रडायला लागली. ती माझ्याकडे बघेना.

मी नानाकडे बघितलंच नाही. त्याच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती.

तो म्हणाला, "तिने मला बजावलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. आणि पाण्याचंही ती खरंच बोलली."

मग त्याने वकिलांची भिजलेली टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. "स्टेशनपर्यंत टांगा सांगतो."

स्थळ मोडलं. त्यांनी चार घरी सांगितलंही. माझं लग्न बरंच लांबलं, आणि चांगल्या माणसाशी झालं.

बोटीची मागची बाजू मी नव्याने केली. सागवान, आरपार बोल्ट, पाणी झिरपू नये म्हणून भोकांत सफेदा. गिरमिटाने भोकं मी पाडली. नाना पलीकडून पकडीने नट धरून बसायचा आणि दर नटाला कुरकुरायचा. पुढे ती बोट पाण्यातून काढलेल्या त्याच इंजिनावर कित्येक वर्षं चालली. फळीला केसाएवढी चीर गेली नाही.

आणि पहिल्या फेरीपासून हा मनुष्य सांगत सुटला, 'मी बसवलं.' माझ्या लग्नात, त्याच्या लग्नात, पोरांच्या मुंजीत. माझ्यासमोर. डोळ्याला डोळा भिडवून.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये त्याला म्हटलं, आता तरी पोरांना खरं सांग.

म्हणाला, "कशाला? आता तू लिही. तुझं लोक खरं मानतात."

निर्लज्ज.

लिहिलं बघ, नाना.

जा आता. तिकडे तरी गप्प बस, जमलं तर.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम