पाटी उतरवणाऱ्याची मूठ

आमच्या मुरबे गावची चंद्रकांता पालघरच्या तहसील कचेरीत कारकून होती. सकाळची होडी धरून खाडी ओलांडायची, सातपाटीला एस्टी पकडायची. ओहोटी असली की चपला हातात, पातळ खोचलेलं, फायलींची पिशवी डोक्यावर, सुकी मासळी विकणाऱ्या तिच्या आयच्या पाटीसारखी. होडीतल्या बाया म्हणत, "आयची पाटी काय नि लेकीची काय, वझं तेवढंच." आजही ती मला तशीच आठवते, गाळातून चालणारी.

१९९२ साली ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून हुकूम आला. डोंगराकडं एका संस्थेचं आदिवासी पोरांसाठी वसतिगृह होतं. सत्तरच्या दशकात तिथं पोरांना मारलं, उपाशी कोंडलं, ही तक्रार वीस वर्षांनी सरकारच्या कानी पोचली होती. आता त्या पोरांना शोधायचं, जबान्या घ्यायच्या, दवाखाना नि वकील गाठून द्यायचे. हे सगळं चंद्रकांताच्या गळ्यात पडलं. हुकमात शब्द होता समन्वय.

"समन्वय म्हंजे काय गो?" तिच्या आयनं, काशीबाईनं विचारलं.

"पाड्यावरचं ठाण्याला सांगायचं, नि ठाण्याचं पाड्यावर."

"म्हंजे चुगली. त्याचा पगार देतात?"

चंद्रकांतानं शिक्क्याच्या साठ नोटिसा धाडल्या. शिक्क्याचा कागद पाड्यावर यायचा तो जंगलखात्याचाच. तो बघून माणसं रानात पसार. एकच म्हातारा कचेरीत आला, तोही बगलेत कोंबडी घेऊन. त्याला वाटलं, लाकडं तोडल्याचा दंड हाय.

काशीबाई पोट धरून हसली. "अगो शाणे, डोंगरात कागद घेऊन कोण जातं? माझी पाटी ने."

मग चंद्रकांता सुट्टीच्या दिवशी सुके बोंबील घेऊन पाड्यांवर जाऊ लागली. अंगणात पाटी टेकली की बाया जमायच्या. भाव करता करता बोलायच्या, बोलता बोलता वसतिगृहातल्या पोरांवर यायच्या. मग ती वही काढायची. पावसाआधी अडतीस जबान्या झाल्या.

एकोणचाळिसावा जिवल्या. तो बोईसरला कारखान्याच्या फाटकाशी हमाली करायचा. ट्रकवाले त्याला "ए लंगडे" म्हणून हाक मारत. वसतिगृहाच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, 'बोंबील चोरले. पळून गेला.'

"पळालो कुटं? पाय मोडून मला रस्त्यावर टाकला," जिवल्या म्हणाला. "पाय गेला तो गेला. पण पाड्यावर अजून मला चोर म्हनतात. तेवढं खोडा, बाय."

ठाण्याचं म्हणणं, बाहेरचा साक्षीदार असेल तरच रजिस्टरातली ओळ खोडता येईल. मुदत एक महिना.

"बोंबील कुठून आले तुझ्याकडं?"

"पाटीवालीनं दिले. मी तिची पाटी उतरवली ना."

ही आमच्या दर्यावरच्या बायांची रीत. डोक्यावरची पाटी जो उतरवील, त्याला माप लावायच्या आधी एक मूठ मासळी. ती नाही दिली तर धंद्याला बरकत नाही.

"कोण पाटीवाली?"

"नाव नाय ठाव. हनवटीवर तीन ठिपके गोंदलेले."

चंद्रकांतानं पेन खाली ठेवलं. ते तीन ठिपके रोज जेवताना तिच्या समोर असायचे.

घरी काशीबाई बोंबील निवडत बसली होती.

"आय, तू होतीस तिथं?"

काशीबाईचे हात थांबले. "होते. गृहपाल सोटा घेऊन आला. मी दिले, एवढंच बोलायचं होतं. मी पाटी उचलली नि चालायला लागले."

"का?"

"वसतिगृह मोठं गिऱ्हाईक होतं. तुझी शाळा त्या पाटीवर चाललेली."

चंद्रकांता म्हणाली, "उद्या कचेरीत ये."

"तुझे सायब काय म्हनतील? हिचीच आय..."

"म्हणतील. तू ये."

स्वतःच्या आयची जबानी आपण लिहू नये, म्हणून तिनं शेजारच्या टेबलावरच्या प्रतापला बसवलं. काशीबाई आली ती डोक्यावर पाटी घेऊन. शिपाई ओरडला, "ए मावशी, मासळी बाहेर!"

"तुझ्या बापाला सांग बाहेर," म्हणून ती दारातच उभी राहिली. "हात लावा रे कोनी."

जबानीसाठी बोलावलेला जिवल्या बाकावरून उठला. पाय ओढत गेला, पाटी उतरवली. हनुवटीकडं बघून तो जागीच थबकला. काशीबाईनं पाटीत हात घालून मूठभर बोंबील त्याच्या पुढं धरले.

"लिव रे," ती प्रतापला म्हणाली. "तवाबी असंच दिलं. यानं चोरलं नाय."

"तवा बोलायला काय झालतं, म्हातारे?" जिवल्यानं विचारलं.

"भ्याले," काशीबाई म्हणाली. "तेबी लिव."

तिनं अंगठा उठवला. कागदाला बोंबलाचा वास लागला. ठाण्याच्या सायबानं तो म्हणे नाक धरूनच वाचला, पण वाचला. दिवाळीच्या आत ती ओळ लाल शाईनं खोडली गेली.

खोडलेल्या पानाची नक्कल घेऊन चंद्रकांता स्वतः जिवल्याच्या पाड्यावर गेली, नि त्याच्या म्हाताऱ्या बापासमोर मोठ्यानं वाचली. जिवल्यानं ती घडी करून कमरेच्या चंचीत घातली. त्यानं काशीबाईला माफ केलं असं काही कोणी ऐकलं नाही. पण त्या दिवशी कचेरीत त्यानं ती मूठ घेतली होती, टॉवेलात बांधली होती, नि मगच बोईसरची एस्टी धरली होती.